वाहिलेले आयुष्य: एका वाक्याविरुद्ध

चरित्र या वाङ्मयप्रकारावरील प्रश्नांची उत्तरे तपासताना एक वाक्य हमखास भेटते: ‘त्यांनी आपले उभे आयुष्य अमुक कार्याला वाहिले.’ अमुकच्या जागी शिक्षण, संगीत, रुग्णसेवा, इतिहाससंशोधन यांपैकी काहीही बसते. पर्यावरण हा विषय अभ्यासक्रमात शिरल्यापासून तेथे ‘सागर’ही बसू लागला आहे. हे वाक्य निरुपद्रवी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र दोष विद्यार्थ्यांचा नव्हे. चंदनासारखे झिजणे, समिधेसारखे जळणे, पणतीसारखे तेवणे ही शब्दकळा आपल्या चरित्रवाङ्मयाने पिढ्यान्‌पिढ्या पुरवली, आणि आपण शिक्षकांनी तिलाच गुण दिले. या शब्दकळेतला माणूस पहिल्या पानावर जसा असतो तसाच शेवटच्या पानावर असतो. फक्त अधिक झिजलेला.

झाक-इव्ह कुस्तो (1910–1997) यांचे आयुष्य या साच्यात घालून पाहावे. फ्रेंच नौदलातील हा अधिकारी. 1943 साली एमिल गान्याँ या अभियंत्याच्या साहाय्याने त्याने ‘अ‍ॅक्वालंग’ सिद्ध केले. श्वास घेताच, आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने, हवा पुरवणारे हे उपकरण. मालवण-तारकर्लीला पर्यटक पाठीवर जी टाकी बांधून पाण्यात उतरतात, तिचा वंश येथपर्यंत पोचतो. पुढे ‘कॅलिप्सो’ हे जहाज, चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, 1973 साली स्थापन केलेली कुस्तो सोसायटी आणि अंटार्क्टिकाच्या रक्षणाची मोहीम. साचा खूश होतो: ‘कुस्तो यांनी आपले आयुष्य सागराला वाहिले.’

आता 1956 सालचा, लुई माल यांच्यासह दिग्दर्शित केलेला ‘द सायलेंट वर्ल्ड’ हा चित्रपट पाहावा. कान महोत्सवातील सर्वोच्च सन्मान मिळवणारा तो पहिला अनुबोधपट. तसा दुसरा त्यानंतर थेट 2004 साली आला. या चित्रपटात प्रवाळभित्तीवरील माशांची गणती करण्यासाठी पाण्यात डायनामाइट फोडले जाते आणि मेलेले मासे गोळा केले जातात. देवमाशाचे एक पिल्लू जहाजाच्या पंख्यात सापडून जखमी होते. त्याला ठार केले जाते. त्याचा फडशा पाडायला शार्क जमतात, तेव्हा खवळलेले खलाशी त्या शार्कना डेकवर ओढून कुऱ्हाडींनी तोडतात. हे सारे कुणी चोरून टिपलेले नाही. कुस्तो यांनी स्वतः चित्रित केले, संकलित केले आणि अभिमानाने जगाला दाखवले.

यावर ठरलेला आक्षेप येतो: आजच्या मापाने कालच्या माणसाला मोजू नये. आक्षेप मान्य, परंतु तो आम्हाला लागू पडत नाही. आम्ही कुस्तो यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू इच्छित नाही. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे: ही दृश्ये वगळून त्यांचे चरित्र लिहिताच येणार नाही. ती तेव्हा कापावीशी वाटली नाहीत, यावरूनच दिसते की समुद्राविषयीची करुणा ही समुद्रावरच्या प्रेमाबरोबर आपोआप येत नाही. ती शिकावी लागते. समुद्रावर त्या माणसाचे प्रेम 1956 मध्येही होतेच. बदलले ते प्रेमाचे व्याकरण. हा बदल कसा घडला, कोणत्या वर्षी, कोणत्या दृश्यानंतर, हाच चरित्रकाराचा खरा विषय. आणि ‘वाहिले’ हे क्रियापद नेमका तोच गिळून टाकते.

पैशाची गोष्टही तशीच. 1954 साली कॅलिप्सोने अबुधाबीच्या समुद्रात तेलाच्या शोधासाठी तळाचे सर्वेक्षण केले आणि त्या कंत्राटाच्या पैशाने जहाजाच्या पुढील मोहिमांना हातभार लागला. 1963 साली लाल समुद्रात, सुदानच्या किनाऱ्याजवळ, माणसे महिनाभर पाण्याखालच्या घरात राहिली. त्या प्रयोगामागेही फ्रान्सच्या तेल उद्योगाचे पाठबळ होते. अंटार्क्टिकातील खाणकामाला विरोध करणारे कुस्तो हेच. याला दांभिकपणा म्हणणे सोपे आहे आणि हे झाकून ठेवणे त्याहून सोपे. चरित्रकाराने दोन्ही टाळून एवढेच दाखवावे की समुद्राचे ज्ञान आणि समुद्राची लूट ही एकाच जहाजातून प्रवास करीत होती, आणि त्यांतून एकाने दुसऱ्याला ओळखायला बरीच वर्षे जावी लागली.

शिवाय आयुष्य नेमके कुणी वाहिले, हाही प्रश्न आहे. कुस्तो यांच्या पत्नी सिमोन मेल्कियोर यांनी कॅलिप्सोवर पतीपेक्षाही अधिक काळ काढला, खलाशांचा संसार सांभाळला, आणि चित्रपटांत मात्र त्या जवळजवळ दिसत नाहीत. समर्पणाच्या वाक्याला कर्ता एकच लागतो. बाकीचे सारे त्याच्या करणविभक्तीत जातात. हीच गत लढ्यांची. 1960 साली फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाने किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात बुडवायची योजना आखली, ती थांबली. कुस्तो यांचा आवाज त्यात मोठा होता, पण किनाऱ्यावरची माणसेही विरोधात उठली होती. अंटार्क्टिकात खाणकामावर बंदी घालणारा 1991 चा माद्रिद करार झाला, त्यामागे कुस्तो यांची स्वाक्षरी मोहीम होती, तसाच खाणकामाचे नियम ठरवणारा आधीचा करार नाकारण्याचा ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स या सरकारांचा 1989 चा निर्णयही होता. एका माणसाच्या व्रताने समुद्र वाचतो असे शिकवले, की उरलेल्या सर्वांना टाळ्या वाजवून घरी जाता येते.

आमचे काही सहकारी म्हणतात, की विद्यार्थ्यांपुढे आदर्श हवेत. चिरफाड करून काय साधणार? आम्ही विचारतो, की आदर्श कशाचा? जन्मजात सागरभक्ताचा आदर्श वीस वर्षांच्या मुलीला काय देणार? ती जन्मजात सागरभक्त नाही. ती मासे खाते, प्लास्टिक वापरते, समुद्रावर फिरायला जाते. तिच्या उपयोगाचा कुस्तो तो आहे, ज्याने शेहेचाळिसाव्या वर्षी डायनामाइट फोडलेले दाखवले, पन्नासाव्या वर्षी कचऱ्याविरुद्ध उभा राहिला आणि ऐंशीच्या घरात एका खंडासाठी सह्या गोळा केल्या. बदलता येते, एवढे तरी या क्रमातून कळते. व्रतस्थाच्या कथेतून ते कळत नाही, कारण व्रतात बदल म्हणजे व्रतभंग.

म्हणून आमची सूचना अगदी शिक्षकी आहे. चरित्रविषयक उत्तरात ‘वाहिले’, ‘झिजले’, ‘तेवले’ ही क्रियापदे आली, की त्यांखाली रेघ मारावी आणि समासात तीन प्रश्न लिहावेत: केव्हा? कुणाच्या पैशाने? आणि त्याआधी ही व्यक्ती काय करीत होती? विद्यार्थ्याला उत्तरे देता आली नाहीत, तर दोष पाठ्यपुस्तकाचा आहे, असे समजून पाठ्यपुस्तक बदलण्याची मागणी करावी. चरित्र हा इतिहासाचा भाग आहे की आरतीचा, हे अभ्यासमंडळांनी एकदा ठरवून टाकलेले बरे.