जमातीचा हिशोब मागतो, नगर परिषदेचा का नाही?

रत्नागिरीच्या आसपासच्या कुठल्याही मोहल्ल्यात जमातीच्या वार्षिक बैठकीला जाऊन बसा. वर्गणी किती जमली, मशिदीचे वीजबिल किती आले, कब्रस्तानच्या कुंपणाला किती लागले, सगळे वाचून दाखवले जाते. मग मागच्या रांगेतून कोणीतरी उठून विचारतो, "रंगाला एवढे कसे काय लागले?" कधी आवाज चढतात, कधी कागद पुन्हा तपासायला घेतले जातात. पण पैसा आपला आहे, म्हणून विचारायचा हक्कही आपला आहे, याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते.

तोच माणूस दुसऱ्या दिवशी तुंबलेल्या गटारावरून उडी मारतो आणि म्हणतो, "नगर परिषद काही करतच नाही." तिच्याकडे पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, हे मात्र तो विचारत नाही. मीही कित्येक वर्षे विचारले नव्हते. घरपट्टीचे बिल आले की भरायचे किंवा पुढे ढकलायचे, एवढाच संबंध.

पूर्वी नगरपालिकांचे मोठे उत्पन्न नाक्यावर जमायचे. शहरात येणाऱ्या मालावर लागणाऱ्या त्या कराला मराठीत 'जकात' म्हणत. शब्द आपल्या ओळखीचा, अरबीतून आलेला. अर्थ मात्र पार बदललेला. १९९९ साली राज्य सरकारने नगर परिषदांच्या हद्दीतली जकात बंद केली. ट्रकांच्या रांगा आणि नाक्यावरची चिरीमिरी आठवली तर त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण जकातीच्या जागी नगर परिषदांना स्वतःचा दुसरा मोठा कर मिळाला नाही. मिळाले सहायक अनुदान. म्हणजे रोज स्वतःच्या नाक्यावर जमणारा पैसा गेला आणि मंत्रालयातून येणाऱ्या पैशाची वाट बघणे आले. कर्मचाऱ्यांचे पगारही आज बऱ्याच अंशी याच अनुदानावर चालतात.

आज नगर परिषदेच्या हातात स्वतःचे म्हणून काय उरले आहे? घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी, परवान्यांची शुल्के. घरपट्टीच्या बिलावर दिसणारा शिक्षण करही तिचा नाही. दुकान असेल तर लागणारा रोजगार हमी करही नाही. ते राज्याचे, नगर परिषद फक्त गोळा करून पुढे पाठवते. बाकी सारा 'निधी'.

या 'निधी' शब्दाने आपले राजकारण व्यापले आहे. चौकाचौकात फलक लागतात: अमुक साहेबांच्या प्रयत्नातून इतक्या कोटींचा निधी मंजूर. आपणही फोटो काढून ग्रुपवर टाकतो. अल्पसंख्याक वस्तीसाठी निधी, कब्रस्तानच्या भिंतीसाठी निधी, सभागृहासाठी निधी. हे मिळायलाच हवे, तो आपला हक्क आहे. पण असा निधी बहुतेक वेळा बांधण्यासाठी येतो, सांभाळण्यासाठी नाही. गटार बांधायला योजना असते. दर पावसाळ्यापूर्वी त्यातला गाळ काढायला नसते. शीळ धरणातून पाणी उपसून शहरात आणायचे तर पंपांचे वीजबिल दर महिन्याला येते. पथदिवे, घंटागाडी, नळाची गळती हे रोजचे खर्च मुख्यतः स्वतःच्या उत्पन्नातून भागवावे लागतात. ते उत्पन्न तोकडे असेल तर उद्घाटनाचा दगड चकचकीत राहतो आणि शेजारचे गटार तुंबते.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. जो पैसा देतो त्याचे ऐकले जाते. नगर परिषद आपल्या करावर चालत असेल तर नगरसेवकाला आपल्याला उत्तर द्यावे लागते. ती वरून आलेल्या निधीवर चालत असेल तर तो वर बघतो. मग आपण नागरिक उरत नाही, अर्जदार होतो. मोहल्ल्यातला रस्ता हा उपकार बनतो आणि उपकाराची परतफेड मतपेटीत मागितली जाते.

याचा अर्थ सगळा दोष आपल्या थकबाकीचा, असे मुळीच नाही. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने शहरी संस्थांसाठी १८ विषयांची यादी दिली, पण त्यासाठी पैसा आणि अधिकार किती द्यायचे हे राज्यांवर सोडले. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या अहवालानुसार भारतातल्या पालिकांचे उत्पन्न देशाच्या सकल उत्पन्नाच्या जेमतेम १ टक्का आहे. ब्राझीलमध्ये हे प्रमाण ७.४ टक्के, दक्षिण आफ्रिकेत ६ टक्के. २२ जुलै २०२१च्या महापुरात चिपळूण बुडाले, तेव्हा तिथल्या नगर परिषदेने घरपट्टीच्या जोरावर शहर पुन्हा उभे करावे असे कोणी म्हणू शकले नसते. अशा वेळी राज्याने आणि केंद्राने हात द्यायचा असतो, आणि तो ठरलेल्या सूत्रानुसार द्यायचा असतो, मर्जीनुसार नाही.

शिवाय काही वर्षे हिशोब मागायचा तरी कोणाकडे, हाच प्रश्न होता. १८७६ साली स्थापन झालेल्या रत्नागिरीच्या नगरपालिकेत डिसेंबर २०२१ ते डिसेंबर २०२५ निवडून आलेले मंडळच नव्हते, प्रशासक होते. राज्यभर हीच स्थिती होती. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यावर निवडणुकांची चक्रे फिरली. निवडून आलेले मंडळ नसले की केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदानही अडते. लांबलेल्या निवडणुकीची किंमत अशी शहराच्या तिजोरीलाही मोजावी लागते.

आता एक कडू गोष्ट. आपल्या मोहल्ल्यांत अनेक घरांना वर्षाचे अकरा महिने कुलूप असते. मालक मुंबईत, कुवेतमध्ये किंवा दुबईत. "आम्ही राहतच नाही, मग घरपट्टी कशाला?" असे सहज म्हटले जाते. पण दारासमोरचा दिवा रोज पेटतो, गटार वाहते, आणि त्या सोयींमुळेच त्या घराची किंमतही वाढते. आखातातल्या पैशातून चढवलेला वरचा मजला कागदावर आलाच नाही, तर त्याचा भार खाली कोणावर पडतो? राजिवड्यातल्या किंवा मिरकरवाड्यातल्या मच्छीमाराच्या दोन खोल्यांवर. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने जास्त उचलावे, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. प्रत्येक साहिबे-निसाब माणूस वर्षाचा हिशोब मांडून स्वतःहून जकात काढतो. तीच सचोटी मालमत्तेच्या नोंदीत का असू नये?

मात्र कर भरून गप्प बसणे ही अर्धीच जबाबदारी. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, तेव्हा चुकीच्या आकारणीवर हरकत घेता येते. मुदतीत घ्या, मोहल्ल्यातल्या वृद्धांनाही अर्ज लिहून द्या. फेब्रुवारीच्या सुमारास अंदाजपत्रक मांडले जाते. ते मिळवा. मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. पाच-सहा जणांनी बसून फक्त तीन आकडे काढा: स्वतःचे उत्पन्न किती, अनुदान किती, देखभालीवर खर्च किती. बी.कॉम. करणाऱ्या मुला-मुलींना हे अवघड नाही. सोप्या मराठीत आणि उर्दूत एका पानावर लिहा आणि जमातीच्या फलकावर लावा.

आता निवडून आलेले नगरसेवक आहेत. ते मोहल्ल्यात आले की "आमच्यासाठी किती निधी आणला?" हा प्रश्न बाजूला ठेवून पाहू. विचारू या की कराची वसुली किती टक्के झाली, थकबाकीत मोठे मालमत्ताधारक किती आहेत, आणि गाळ काढण्यासाठी या वर्षी किती रक्कम ठेवली आहे. पहिल्यांदा ते गोंधळतील. जमातीच्या खजिनदारालाही पहिल्या वर्षी घाम फुटला असेलच. दुसऱ्या वर्षी तो कागद घेऊन यायला लागला.