लहान कारखानदाराला आधी कळायला हवे

स्कोडाने २००१ मध्ये मराठवाड्यातल्या शेंद्र्यात मोटारींची जुळणी सुरू केली. आता शेजारी बिडकीनला विजेच्या दुचाकी बनवणाऱ्या एथरचे आणि टोयोटा-किर्लोस्करचे प्रकल्प जाहीर झाले आहेत. त्यांचे स्वागतच, पण पेट्रोलकडून विजेकडे होणाऱ्या बदलाची खरी परीक्षा आहे ती शेंद्रा-वाळूजच्या लहान पुरवठादारांची. विजेच्या दुचाकीला पिस्टन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. कर्ज काढून याच भागांसाठी ज्याने यंत्रे घेतली, त्याला ‘काळाप्रमाणे बदला’ एवढेच सांगणे अन्यायाचे आहे. मोठ्या कंपनीचे एक मॉडेल पडले तर ती दुसरे आणते. एकाच गिऱ्हाइकावर चालणाऱ्या कारखान्याकडे दुसऱ्या प्रयत्नापुरते भांडवल नसते.

कोणी म्हणेल, एप्रिल २०२० मध्ये वाहनांच्या धुराचे बीएस-६ नियम आले तेव्हाही पुरवठादार सावरलेच की. सावरले; पण तेव्हा इंजिन कायम होते आणि नियमाची तारीख चार वर्षे आधी ठाऊक होती. आज पेट्रोल आणि वीज बरोबरीने चालणार, कोणाचा वाटा किती ते ठरलेले नाही. अशा वेळी नवा भाग प्रत्येकाने स्वतःच्या पैशाने आजमावणे परवडणारे नाही. मराठवाडा ऑटो क्लस्टरसारख्या सामायिक सुविधा त्यासाठीच वाढवल्या पाहिजेत. शिवाय कोणत्या भागाची मागणी घटणार, हे खरेदीदार कंपन्यांनी दोन-तीन वर्षे आधी सांगावे. यावर व्यापारी गुपिताचे कारण पुढे येईल. पण नव्या मॉडेलचा आराखडा कोणी मागत नाही. जुन्या भागाची ऑर्डर कधी थांबणार, एवढे कळले तरी कारखानदार नवे कर्ज घेण्याआधी विचार करू शकेल.