शर्यतीचे पट्टे व रस्त्यावरील मोटार

मोटारींच्या शर्यतींत चालकास आसनाशीं जखडून ठेवणारे चार किंवा सहा टोकांचे पट्टे आपल्या घरच्या मोटारींतही बसवावे, अशी हौस कित्येक तरुणांस असते. ते अधिक मजबूत, म्हणून अधिक सुरक्षित, असा त्यांचा समज असतो. आमच्या मतें हा समज घातक आहे. कारण पट्टा किती जाड आहे यापेक्षां तो कोठें व कसा बांधला आहे, यावर सर्व कांहीं अवलंबून असतें.

खांद्यांवरील पट्टे मागें जवळजवळ आडवे गेले पाहिजेत. त्यांचा उतार १० अंशांहून अधिक नसावा अशी एफ. आय. ए. या आंतरराष्ट्रीय संस्थेची शिफारस असून, ४५ अंशांपलीकडे तिची मनाई आहे. हे पट्टे मागील तळाशीं बांधल्यास धडकेच्या वेळीं ते खांदे खालीं ओढून पाठीचा कणा चेपतात. कमरेचा पट्टा पोटावर न येतां कटीच्या हाडांवर बसावा. जांघांमधून येणारा पट्टा नसेल, तर खांद्यांचे पट्टे त्यास वर ओढतात आणि शरीर खालून घसरून पोटास इजा होते. पट्ट्यांचीं टोकें आसनास बांधण्यासही मनाई आहे.

एवढें साधलें तरी मस्तक मोकळेंच राहतें. अमेरिकेंतील प्रख्यात चालक डेल अर्नहार्ट १८ फेब्रुवारी २००१ रोजीं डेटोना येथें कवटीच्या तळाचें हाड मोडून मरण पावला. मान सांभाळणारें साधन त्यानें लावलें नव्हतें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत नॅस्कार संस्थेनें तें सक्तीचें केलें. शिवाय मोटार उलटून छप्पर दबलें, तर असा जखडलेला मनुष्य बाजूस झुकूंही शकत नाहीं. म्हणून शर्यतीच्या मोटारींत पोलादी पिंजरा असतो. परंतु तोच पिंजरा शिरस्त्राणावांचून बसणाऱ्याच्या डोक्यास घातक ठरतो.

तात्पर्य, आसन, पट्टे, पिंजरा, शिरस्त्राण व मानेचें साधन हीं सर्व मिळून एकच व्यवस्था आहे. तींतील एक अंग उचलून आणणें हें शहाणपण नव्हे. रस्त्यासाठीं व्होल्वो कंपनीच्या नील्स बोलिन यांनीं १९५९ सालीं सिद्ध केलेला त्रिबिंदु पट्टाच योग्य होय. पालकांनीं मुलांच्या हौसेस शर्यतीच्या मैदानाची वाट अवश्य दाखवावी. तेथें मोटारीची तपासणी जाणत्यांकडून होते. रस्त्यावर मात्र मोटारीसोबत आलेला साधा पट्टा प्रत्येक वेळीं, जवळच्या फेरीसही, न विसरतां लावावा. विद्यार्थीमित्रांनो, खरी दक्षता ती हीच.