चौकट रिकामी का राहते?

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात मूल शाळेत घालताना पालकांना विचारतात, हे मूल फर्स्ट नेशन्स, मेटी किंवा इन्युइट या आदिवासी समाजांपैकी आहे का? उत्तर देण्याची सक्ती नाही, दिलंच तर पुरावा मागत नाहीत. २००७ साली प्रांताने आदिवासी शिक्षणाचं धोरण आखलं आणि ही पद्धत शाळा मंडळांत सर्वत्र पसरली. राखीव वस्तीतून येणारी मुलं शुल्काच्या करारांमुळे शाळेला माहीत असतात. शहरात राहणारी मात्र एरवी नोंदीत दिसतच नाहीत. त्यातली किती बारावीपर्यंत पोचतात, हे कळल्याशिवाय त्यांच्यासाठी भाषाशिक्षक किंवा समुपदेशक कशाच्या आधारे मागायचा?

हेतू चांगला आहे. तरीही पुष्कळ पालक त्या प्रश्नापुढची चौकट कोरी सोडतात. त्याला पालकांचं अज्ञान म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

टोरांटोपासून दीडेक तासावर ब्रँटफर्डला मोहॉक इन्स्टिट्यूट ही आदिवासी मुलांची निवासी शाळा होती. ती १९७० साली बंद झाली. तिथे मुलांचे केस कापले जात, मातृभाषेत बोललं तर मार बसे, नावाऐवजी क्रमांकाने हाक मारली जाई. देशभरच्या अशा शाळांतून दीड लाखाहून अधिक मुलं गेली. आज अर्ज भरणाऱ्या आईची आई त्यांपैकी एक असू शकते. कोण ‘इंडियन’, म्हणजे आदिवासी, हेही सरकारच यादी करून ठरवी. बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलेल्या बाईचं नाव १९८५पर्यंत कायद्याने यादीतून निघत असे. ज्या घराने असल्या याद्या सोसल्या, त्याने आणखी एका यादीपुढे हात आखडला तर नवल काय?

पुराव्याचं म्हणाल तर, आपल्याकडे अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला वैधता प्रमाणपत्रासाठी आजोबांच्या महसुली नोंदीपर्यंत कागद शोधत फिरावं लागतं. त्यावर प्रवेश आणि नोकरी अवलंबून असते, म्हणून निदान त्यामागचं कारण समजतं. कॅनडातल्या काही विद्यापीठांनीही खोट्या दाव्यांनंतर कागदपत्रं मागायला सुरुवात केली आहे. प्राथमिक शाळेच्या अर्जात मात्र खूण केल्याने कुणाची जागा जात नाही. तिथे पुरावा नको आणि सक्ती तर मुळीच नको.

हवा आहे तो हिशेब. आपल्या लोकांविषयीच्या माहितीची मालकी, नियंत्रण आणि ताबा आपल्याकडे असावा, असा आग्रह फर्स्ट नेशन्स १९९८पासून धरत आहेत. शाळा मंडळांनी तो अक्षरशः पाळावा. नवा अर्ज पुढे करण्याआधी मागच्या वर्षीच्या आकड्यांवरून काय केलं, ते पालकांना लेखी द्यावं : ओजिब्वे किंवा मोहॉक भाषेचा वर्ग कुठे उघडला, कोणता शिक्षक नेमला, पैसा किती आणि कुठे खर्च झाला. काहीच केलं नसेल, तर तसंही लिहावं. आणि ही माहिती कुणाच्या हाती जाते, हे सांगायला समाजातलाच माणूस शाळेत बसवावा, नोंदणीच्या पहिल्या दिवसापासून.