गरजवंताला अक्कल असते

'गरजवंताला अक्कल नसते' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो स्वतः गरजवंत खास नव्हता. गल्ल्यामागे बसलेला कोणीतरी असावा, असा माझा जुना संशय आहे. वीस-बावीस वर्षे मी ही म्हण फळ्यावर लिहीत आलो, मुलांकडून तिचा वाक्यात उपयोग करून घेतला आणि गुणही दिले. ते गुण परत घ्यावेत असे आता वाटू लागले आहे. फराळाचे ताट पुढे असताना वाचकांनी माझी ही कुरकुर ऐकून घ्यावी; चकलीबरोबर थोडे तिखट चालून जाते.

निमित्त झाले माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. गणपतीला तो मुंबईहून आला होता. धंदा कसला, तर दुसऱ्यांचा माल कसा खपवावा ह्याचा सल्ला देण्याचा. आमच्या पडवीत बसून नेवऱ्या खाता खाता त्याने मला आपल्या शास्त्राचे सार सांगितले.

"सर, दंतमंजन विकणारो उपाशी मरता. ज्याचो दात रात्री दोन वाजता ठणकता, तो माणूस सोदूचो. तो भाव करना नाय, चार दुकाना फिरना नाय, घरात कोणाक इचारना पण नाय."

दात ठणकणाऱ्याला औषध विकूच नये, असे मी म्हणत नाही. अवश्य विकावे, आणि रात्री दोनला उठून दार उघडणाऱ्याने दोन पैसे जास्त घेतले तर माझी तक्रार नाही. माझा वाद आहे तो त्या तीन 'नाय'शी. गिऱ्हाइकाने भाव करू नये, फिरू नये, विचारू नये, ह्यावरच ज्याचा नफा उभा आहे तो औषध विकत नाही, ठणका विकतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून वर गुजरातेकडे गेले. मालवण, देवबाग, तारकर्ली, जिकडे पाहावे तिकडे माड आडवे, विजेचे खांब आडवे. टाळेबंदीचे दिवस. आमच्या वाडीत वीज आली ती दहाव्या दिवशी. माझ्या घराची मागची बाजू आंब्याच्या फांदीखाली सापडली. मंगलोरी कौलांचा चुरा, वासे मोडलेले, आणि आतल्या खोलीत ऐंशीच्या घरातली आई खाटेवर. मृग तीन आठवड्यांवर आला होता. खरे तर मृगाचीही वाट पाहायची नव्हती. आभाळ रोज संध्याकाळी काळे होत होते.

मंगळवारी मी पत्र्यांच्या दुकानी गेलो. आदल्या आठवड्यातच गोठ्यावर घालण्यासाठी तिथे भाव विचारून आलो होतो, म्हणून तो पक्का ध्यानात होता. आता त्याच पत्र्याला त्याने दीडपटीहून अधिक सांगितले. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "घेवचे आसत तर घेवा, फाटी चार जण उभे आसत." खरेच उभे होते. मी पैसे मोजले. टेम्पो घरी आल्यावर शेजाऱ्याने पत्रा बोटाने दाबून पाहिला आणि विचारले, गेज किती? मी तो विचारलाच नव्हता. शाळेत हिशेब शिकवणारा, कादंबरीतल्या पात्रांना शहाणपणाची भाषणे देणारा हा माणूस पत्र्याची जाडी विचारायला विसरला. दुसऱ्या पावसाळ्यातच त्याला गंज धरला.

तो शेजारी दुसऱ्या एका दुकानी गेला होता. तिथल्या दुकानदाराने पाटीवर खडूने भाव लिहून पाटी दारातच टांगली होती. त्याने शेजाऱ्याला पत्रे दिलेच नाहीत. ताडपत्री दिली आणि म्हणाला, "आज ह्या घाला. पत्र्याचा आठ दिसांनी बघूया, माल येतलो तेवा भाव उतरतलो." शेजाऱ्याने मग पत्रे त्याच्याकडूनच घेतले, नीट जाडी पाहून, आणि भाव जवळजवळ पूर्वीचाच पडला. तो दुकानदार संत नव्हे. ताडपत्रीवर त्याने नफा घेतला, पुढे पत्र्यांवरही घेतला. नडलेल्या माणसालाच त्याने माल विकला. पण त्याने विकला तो वेळ. माझ्याजवळ अक्कल होती, वेळ नव्हता. आणि पहिल्याने नेमकी त्याचीच किंमत लावली.

विद्यार्थ्याने ह्यावर अर्थशास्त्र काढले. टंचाईत भाव चढला नाही तर घाटावरून ट्रक भरून इकडे माल आणणार कोण? माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, तरी एवढे मलाही कळते. फोंडाघाट उतरून नवा माल आला, गाडीभाडे दुप्पट पडले, तर ते माझ्याकडून घ्यावे. परंतु मी घेतलेले पत्रे वादळाआधीपासून त्या भिंतीशी उभे होते. त्यांनी कुठला घाट उतरला? वाढले होते ते फक्त माझ्या आईच्या अंगावरचे पाणी.

सरकारला ही गोष्ट अगदीच ठाऊक नाही असे नाही. १९५४ च्या कायद्याने कर्करोग, मधुमेह अशा ठरावीक रोगांवर औषधाची जाहिरात करण्याला बंदी घातली. कारण घाबरलेला रोगी हा बाजारातला सामान्य गिऱ्हाईक नव्हे, हे तेव्हाच ओळखले गेले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसवणुकीच्या तेरा युक्त्यांची यादी काढली, तिच्यात पहिली आहे 'खोटी निकड': दोनच नग उरले, पाचच मिनिटे उरली, असे खोटे सांगून माणसाला घाई करणे. चांगले झाले. पण माझी निकड खोटी नव्हती. मागे चार जण खरोखर उभे होते. खोट्या निकडीसाठी एवढी तेरा कलमांची यादी झाली; खऱ्या निकडीत मात्र ज्याचे त्याने पाहावे!

एक नियम मला मनापासून आवडला. मोबाइलवर 'दहा मिनिटांत कर्ज' देणारे निघाले. रुग्णालयाच्या पायरीवर बसलेला माणूस अटी वाचत नाही, हे त्यांना चांगले ठाऊक. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले की, अशा कर्जाचा वर्षाचा एकूण दर आधी स्पष्ट सांगायचा, आणि कर्ज घेतल्यावरही काही मुदत अशी द्यायची की तेवढ्यात माणसाला मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून, दंडाशिवाय, बाहेर पडता यावे. ताडपत्रीवाल्याने रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक वाचले नसणार. तरी दोघांनी केले एकच.

विद्यार्थी हसला. "सर, तुमचो ताडपत्रीवालो मोठो कधी होवचो नाय." नसेल होत. त्याचे दुकान अजून तेवढेच आहे आणि पाटी अजून दारात आहे. वाडीतला प्रत्येक माणूस, मी धरून, पत्र्यापासून खिळ्यापर्यंत त्याच्याकडेच जातो. पहिल्याच्या दुकानी मी त्यानंतर पाऊल ठेवलेले नाही. त्याचे काही अडले आहे असे मात्र दिसत नाही. वादळे येतच राहणार आणि नवे नडलेले त्याला मिळतच राहणार.

बोलणे तिथेच राहिले, कारण त्याला परत जायचे होते आणि कोकण रेल्वेचे त्याचे तिकीट अजून प्रतीक्षायादीत होते. दोन दिवसांनी कामावर हजर व्हायचे. गणपतीच्या गर्दीत हे नवे नाही. खाजगी गाड्यांनी एस. टी.च्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त आकारू नये, असे राज्य सरकारने २०१८ सालीच ठरवले आहे. विद्यार्थ्याने मोबाइलवर बराच वेळ बोट फिरवले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि गाडीचे तिकीट काढले.

"कितीक पडला?" मी विचारले.

त्याने आकडा सांगितला. मग आत माझी आई ऐकते आहे हे विसरून, गाडीवाल्याला अस्सल मालवणी शिवी हासडली.