पेटीतली रजई आणि सकाळच्या शिंका



माझं सासर बेल्याचं. पैनगंगेच्या अलीकडचा हा सगळा पट्टा कापसाचा, त्यामुळे घरात गाद्या-रजयांना तोटा नाही. आदिलाबादकडची थंडी कडक. म्हणून दिवाळीला आम्ही हैदराबादहून पोचलो की सासूबाई लोखंडी पेटीतली जाड रजई काढून नातवाच्या अंगावर घालायच्या. सकाळी उठताच त्याला शिंकांवर शिंका, डोळे लाल, आणि एकदा तर छातीत घरघरही. "याला गावची हवा मानवत नाही," म्हणत मी दोन वर्षं ठरल्यापेक्षा लवकर परतले. सासूबाई बोलल्या काही नाहीत, पण हिरमुसल्या.

पुढे डॉक्टरांनी तपासणी केली, तेव्हा कळलं की गावच्या हवेला उगाच दोष दिला. त्याला डस्ट माइटची ॲलर्जी होती.

डस्ट माइट हे आठ पायांचे, गोचिडाच्या गोतातले जीव. लांबी मिलिमीटरच्या पाव भागाएवढी, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ढेकणासारखे ते चावत नाहीत. आपल्या अंगावरून झडणारी मृत त्वचा हे त्यांचं अन्न, आणि पाणी ते हवेतल्या दमटपणातून शोषून घेतात. म्हणूनच पावसाळ्यात त्यांची चंगळ होते. घरातल्या धुळीने होणाऱ्या त्रासामागे हे माइट आहेत, हे 1960च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडेनच्या फोरहोर्स्ट, स्पिक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं.

त्रास मुख्यतः होतो तो त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. माइट मेला तरी ती कापसात तशीच राहते आणि रजई झटकली की नाकात जाते.

आपल्याकडे उन्हाळ्यात बाजेवर गाद्या वाळत घालतात. ती रीत चांगलीच आहे. कडक ऊन आणि कोरडी हवा माइटना सोसत नाही. पण जाड गादीत ते आत सरकतात, आणि पावसाळ्यात उरलेल्यांची पैदास पुन्हा वाढते. शिवाय ऊन माइट मारतं, विष्ठा काढत नाही. त्यासाठी धुणंच हवं.

मग काय करायचं?

• चादरी, अभ्रे, रजईची खोळ दर आठवड्याला 60 अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुवा. नुसत्या गार पाण्याने बरीच विष्ठा निघते, पण माइट मरत नाहीत.
• गादी-उशीला घट्ट विणीचं, चेन असलेलं आवरण घाला.
• गादी-रजई दोन्ही बाजूंनी उन्हात तापवा आणि अंगणातच बडवा. बडवणाऱ्याने नाकाला रुमाल बांधावा. ॲलर्जी असलेल्याला दूर ठेवा.
• कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा.
• मऊ खेळणी पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, मग धुवा.
• डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका. त्यांच्या वासाने दम्याचा त्रास वाढू शकतो.

घरातून माइट समूळ जात नाहीत. त्यांची संख्या कमी ठेवणं एवढंच आपल्या हाती आहे. आणि घरघर किंवा धाप असेल तर ही साफसफाई औषधाची जागा घेत नाही. डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर परस्पर बंद करू नका.

गेल्या दिवाळीला मी सासूबाईंना आधीच फोन केला. "आई, पेटी पंधरा दिवस आधी उघडाल का?" त्यांनी रजई दोन-तीन दिवस उन्हात तापवली, बडवली, खोळ उकळत्या पाण्यात धुतली. नातवासाठी मात्र धुता येतील अशा दोन पातळ गोधड्या ठेवल्या. सकाळी एक-दोन शिंका आल्या, पण छाती मोकळी होती. आम्ही भाऊबीज करूनच निघालो.

यंदा तुमच्याही घरी पेटी थोडी आधीच उघडू द्या.