तेल डोळ्यांत घाला, कानात नको

पाऊस सुरू झाला की आमच्या कोल्हापुरात दोन गोष्टी हमखास होतात. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावरून वाहू लागते आणि कुणीतरी आपल्या कुत्र्याच्या कानात कोमट तेल ओततं. पहिलीवर माझा इलाज नाही. दुसरीवरून मात्र आज भांडायचं ठरवलंय. नातेवाईक मंडळींनी राग मानू नये. मानलाच तर निदान शेवटपर्यंत वाचावं :)

आमच्याकडे नऊ वर्षांचा लॅब्रेडॉर आहे. त्यानं मान झटकली की पाहुण्यांपैकी एक तरी म्हणतोच, "कानात खोबरेल सोड की, गप पडंल." बाळाच्या कानात तेल घालायची आपली जुनी सवय, तीच कुत्र्यापर्यंत पोचलेली. खरं तर कानाचे डॉक्टर बाळाच्या बाबतीतही नकोच म्हणतात.

कुत्र्याचा कान आपल्यासारखा नसतो. आपली कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर, जवळपास सरळ. कुत्र्याची आधी खाली उतरते, मग काटकोनात आत वळते आणि त्यानंतर पडदा. वर लोंबता कान म्हणजे झाकणच. आत गेलेलं पाणी, तेल, मळ सहज बाहेर येत नाही. त्यात कानात खाज आणणारी मलॅसेझिया नावाची यीस्ट आहे, तिला मुळात स्निग्ध पदार्थच आवडतात. म्हणजे आपण औषध म्हणून तिला जेवण वाढतो!

"पण तेलानं आराम पडतो," असं म्हणणारे भेटतात. पडतो, दोन दिवस. गेल्या श्रावणात आमच्या गल्लीतल्या एका कुत्र्याला असाच तीन आठवडे आराम पडत होता. दवाखान्यात नेलं तेव्हा आत पू आणि पडदा फाटलेला. आता त्याला हाक मारली की तो भलत्याच दिशेला बघतो.

दुसरा पंथ उरलेल्या ड्रॉप्सचा. मागच्या वर्षीची बाटली फ्रिजमध्ये असते, तीच घालायची. आता कानात किडे आहेत, यीस्ट आहे की जिवाणू, हे वरून कळत नाही. कापसावर थोडा स्राव घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. पडदा शाबूत आहे का तेही बघावं लागतं, कारण काही औषधं फाटक्या पडद्यातून आत गेली तर ऐकूच येईनासं होऊ शकतं. ड्रॉप्समधलं स्टिरॉइड खाज थांबवतं, आपण चौथ्या दिवशी बाटली ठेवून देतो, आणि उरलेले जिवाणू अधिक चिवट होऊन परततात. शिवाय दरवर्षी कान बिघडत असेल तर मूळ बहुधा ॲलर्जीत असतं. ते शोधायचं सोडून आपण पावसाला शिव्या देतो.

तिसरा युक्तिवाद मला सगळ्यात खटकतो: "जनावरच आहे, होतंय बरं." हे म्हणणाऱ्यांच्याच गोठ्यात म्हशीच्या सडाला सूज आली तर अर्ध्या तासात डॉक्टरला फोन जातो. १९६३ साली गोकुळ स्थापन झालेला हा जिल्हा, जनावराचा आजार आपल्याला समजत नाही असं नाही. म्हैस दूध देते म्हणून समजतो. कुत्रा रात्रभर दारात जागतो, त्याचा हिशेब डेअरीत लागत नाही एवढंच.

खर्चाचा मुद्दा मला मान्य आहे. खाजगी दवाखाना सगळ्यांना परवडत नाही. पण सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, आणि वेळेत दाखवलेला कान जुनाट कानापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

घरी करायचं ते फार नाही. रंकाळ्यावरून भिजून आला की कान कोरडे पुसायचे. आठवड्यातून एकदा उचलून बघायचे, वास घ्यायचा. डॉक्टरांनी दिलेलंच द्रावण घालायचं, कानाच्या मुळाशी चोळायचं, त्याला मान झटकू द्यायची आणि बाहेर आलेलं कापसानं टिपायचं. बड आत घालायचा नाही, मळ आणखी खाली ढकलला जातो. लाली, आंबूस वास, कॉफीच्या चोथ्यासारखा मळ दिसला तर दवाखाना. मान एका बाजूला कलली किंवा तोल जायला लागला तर त्याच दिवशी, उद्या नाही.

असो. गणपतीला सगळे आमच्याकडे येणार आहातच. खोबरेलाची बाटली मी वरच्या फळीवर ठेवलेली असेल. कुणी विचारू नये.